शब्दोच्चार : दहापैकी

निवृत्त माणसाला आमच्याकडे कुणी रिकामं बसू देत नाही. पहिल्या महिन्यात त्याला लग्नाच्या मांडवात आहेराच्या वहीपाशी बसवतात, दुसऱ्या महिन्यात गणेश मंडळाच्या जमाखर्चावर त्याची सही घेतात आणि तिसऱ्या महिन्यात त्याच्या खिशाला रेशमी बिल्ला टोचून त्याला परीक्षक करतात. रांगोळी, वक्तृत्व, पाककला, सुंदर हस्ताक्षर हे सगळे प्रांत मी पादाक्रांत केले आहेत. एकदा सुदृढ बालक स्पर्धाही केली. निकालानंतर सहा महिने मी त्या गल्लीतून गेलो नाही. बालकं सुदृढ होतीच, पण त्यांच्या आयाही होत्या.

त्यामुळे धाराशिवच्या विनोदी एकांकिकांसाठी परीक्षक व्हाल का, म्हणून एक कार्यकर्ता घरी आला, तेव्हा मी आढेवेढे घेतले. तीन स्थानिक नाट्यसंस्था, तीन एकांकिका, एक संध्याकाळ, दोन परीक्षक, असा बेत होता.

“पण मीच का?” मी विचारलं.

“सर, तुम्ही तीस वर्षं पुण्यात काढली. तुमची भाषा कशी एकदम शुद्ध हाय.” आणि लगेच जीभ चावून तो म्हणाला, “म्हणजे, आहे.”

ही जीभ चावण्याची गोष्ट, वाचकहो, लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

खरं म्हणजे परीक्षक या जमातीचं मूळपीठ आमच्याच जिल्ह्यात आहे. धाराशिवहून जवळच तेर. तिथले गोरोबाकाका कुंभार. सगळी संतमंडळी त्यांच्या घरी जमली असताना मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं पाहून विचारलं, काका, हे कशाला? काका म्हणाले, मडकं पक्कं की कच्चं ते बघायला. मग ह्यांतली मडकी बघा की, असं तिनं म्हटल्यावर काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारायला सुरुवात केली. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे रागावले. आणि काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं. किती सुटसुटीत पद्धत! सहा रकाने नाहीत, बेरजा नाहीत, ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ ही तळटीप नाही. आणि मुख्य म्हणजे परीक्षकाच्या हातात थापटणं. आमच्या हातात बॉलपेन असतं, तेही संयोजकांचं, आणि ते दुसऱ्या एकांकिकेपर्यंत बंद पडतं.

आता कुणी म्हणेल, धाराशिवला नाटक? तर सांगतो. एप्रिल २०१७ मध्ये, गाव अजून कागदोपत्री उस्मानाबाद होतं तेव्हा, ९७वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन इथंच भरलं होतं. अध्यक्ष होते जयंत सावरकर, म्हणजे रंगमंचावरचे अंतू बर्वा. एप्रिल महिन्यात मराठवाड्यात नाटक बघायला यायचं म्हणजे रंगभूमीवर नुसतं प्रेम असून भागत नाही, पाण्याची बाटलीही असावी लागते. आदल्याच वर्षी, २०१६ च्या एप्रिलात, शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी आलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर. गाडी बघायला माणसं फलाटावर जमली होती. आमच्याकडे पाण्याची एन्ट्री ही कुठल्याही नायकाच्या एन्ट्रीपेक्षा मोठी असते.

तर, संध्याकाळ. वेळ सहाची होती. सहाला सभागृहात मी, दुसरे परीक्षक आणि एक झाडूवाला होता. दुसरे परीक्षक मोठ्या शहरातून आले होते. सज्जन गृहस्थ. प्रकाशयोजनेतलं त्यांना फार कळत होतं, मला दिवा लागला की नाही एवढंच कळतं. साडेसातला माणसं जमली. मग दीपप्रज्वलन. समई पेटेना म्हणून पंखे बंद केले; पंखे बंद झाल्यावर प्रमुख पाहुण्यांचं भाषण सुरू झालं; आणि भाषण संपेपर्यंत पंखे सुरू करायचे आहेत हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पहिला पडदा उघडला तेव्हा सगळं सभागृह हातातल्या कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत होतं.

पहिली एकांकिका म्हणजे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं ते घर. मुंबईतला फ्लॅट, मधोमध सोफा, डावीकडे दार, उजवीकडे स्वयंपाकघर, भिंतीवर घड्याळ आणि त्यात कायम सव्वादहा. नवऱ्यानं बायकोला काहीतरी थाप मारलेली असते, परदेशातला काका अचानक येतो, दारावरची घंटा वाजते. ही घंटा इथं बोट लागायच्या आधी वाजत होती. एकदा तर पाहुणा विंगेतून निघायच्या आतच नायकानं दार उघडलं आणि मोकळ्या हवेला “या, या, काका!” असं म्हणून नमस्कार केला.

सोफा गावातल्या एका दुकानातून आणलेला होता, वरचं प्लॅस्टिक काढायचं नाही या अटीवर. त्यामुळे नायक नाट्यमय रीतीनं धपकन बसला, की पुढची तीन वाक्यं हळूहळू घसरत जमिनीकडे येत म्हणायचा. हे दिग्दर्शकानं बसवलेलं असतं तर मी त्याला वीसपैकी वीस दिले असते.

आणि त्या घरात अर्थातच एक गडी होता. नाव रामा. हे नाव मराठी विनोदी नाटकानं कुठल्या पंचांगातून काढलं कोण जाणे. पण सोफा आला की त्यामागून खांद्यावर फडकं टाकून रामा येतोच. रामाचं काम करणारा पोरगा त्या सगळ्यांत बरा नट होता. ट्रे घेऊन यायचा, सोफ्यावरच्या प्लॅस्टिककडे एकदा बघायचा, साहेबांकडे बघायचा, मनात दोन आकडे मोजायचा आणि मग म्हणायचा, “व्हय जी.” सभागृह कोसळायचं. पुढं पुढं तर त्यानं नुसता ‘व्ह’ उच्चारला तरी हशा पिकू लागला.

मीही हसत होतो. हातातलं पेन बाजूला ठेवून हसत होतो.

इतक्यात साहेबाच्या तोंडून ते गेलं. साहेबाला म्हणायचं होतं, “रामा, पाणी आण.” गरीब बिचारा घाईत म्हणून गेला, “रामा, पानी आन.” जो हशा उठला, तसा रामाच्या वाट्यालाही आला नव्हता. मागून कुणीतरी ओरडलं, “सायेब बी आमच्यातलाच की!” त्या पोराचे कान पार लाल झाले. आणि त्यानंतर त्यानं असा काही धसका घेतला, की उरलेल्या पंधरा मिनिटांत एक ‘न’ त्याच्या तोंडून सुटू शकला नाही. सगळीकडे बाणातला ‘ण’. “मी जरा ऑफिसला जाऊण येतो.” “माझं मण लागत णाही.” बायकोला “णिमा” म्हणाला. लोकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नळाला येत नाही, पण डोळ्यांतून आलं.

मी मान वर करून सभागृहाकडे पाहिलं आणि माझं हसू जरा आत गेलं. त्या दोन-अडीचशे माणसांत घरी ‘पाणी’ म्हणणारी माणसं किती असतील? समोरच्या रांगेत मुख्याध्यापक, वकील, एक-दोन डॉक्टर. आणि मागं सगळं गाव. आपल्याच तोंडातला शब्द दुसऱ्याच्या तोंडून पडला, तर आपण एवढं हसतो ते कशाला? त्या पोराला सोडा, आपण हसत कुणाला होतो?

ह्याचं उत्तर मला पन्नास वर्षं माहीत आहे. मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

१९७४ साली मी कळंब तालुक्यातल्या खेड्यातून पुण्यात कॉलेजला गेलो. स्नेहसंमेलनात नाटक होतं. अशाच घराचं, अशाच सोफ्याचं. रामाचं काम कुणी घ्यायला तयार होईना. दिग्दर्शकानं माझं बोलणं दोन मिनिटं ऐकलं आणि मला मिठीच मारली. “तुला काही करायलाच नको,” तो म्हणाला, “तू नुसता बोल.” मी नुसता बोललो. टाळ्या, शिट्ट्या, शेवटी बक्षीस. विनोदी भूमिकेचं पहिलं.

त्या दिवसांत आई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्यात मामाकडे आली होती. एका डोळ्याला पट्टी, पण पोराचं नाटक बघायचं म्हणून हट्टानं आली आणि मागच्या रांगेत बसली. परत जाताना रिक्षात मी तिला विचारलं, कसं झालं? ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “चांगलं झालं की. पर समदे कशाला हसायलते रे? तू तर आपल्या घरी बोलतूस तसंच बोलायलतास.”

तिला खरंच कळलं नव्हतं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पुण्याचं मराठी शिकायला लागलो. ‘करायलाव’चं ‘करतोय’ झालं, ‘व्हय’चं ‘हो’ झालं, ‘दस्ती’चा ‘रुमाल’ झाला आणि ‘गुत्तेदार’ जाऊन ‘कंत्राटदार’ आले. सहा महिन्यांत मी इतका शुद्ध झालो, की सुट्टीत गावी आल्यावर आमचा म्हातारा सालगडी मला ‘अहो-जाहो’ करायला लागला. ते बक्षिसाचं पदक अजून कपाटात आहे.

असो. आपण परीक्षणाकडे वळू.

दुसरी एकांकिका लागेपर्यंत एक सत्कार झाला. त्या वेळात मी आठवत बसलो, की रंगमंचावरचा हा शुद्ध साहेब आणि अशुद्ध गडी नेमका आला कुठून. आणि लक्षात आलं, की ही खोड फार जुनी. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलणार, राणी आणि सख्या शौरसेनीत बोलणार, गाणं म्हणायचं झालं तर महाराष्ट्रीत. शाकुंतलात अंगठी सापडलेला बिचारा कोळी मागधीत गयावया करतो. विदूषक जातीनं ब्राह्मण असतो, पण त्यालाही प्राकृतच. हसवायचं तर संस्कृतातून हसवता येत नाही, हे त्या लोकांना ठाऊक होतं. आणि गंमत बघा, त्या महाराष्ट्रीतूनच पुढं आपली मराठी आली. आमच्या तेरचं जुनं नाव तगर. तिथला माल गाड्यांतून भडोचला जायचा, असं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्यानं लिहून ठेवलंय. त्याच सातवाहनांच्या काळातल्या खेड्यापाड्यातल्या माणसांचं बोलणं हाल राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत आहे. म्हणजे ज्या मराठीला आपण शुद्ध म्हणतो, तीही एके काळी दरबारात संस्कृतच्या मागं उभी असलेली भाषा. तिला आज सोफ्यावर बसायला मिळालं, तर ती दुसऱ्या कुणाला ट्रे घेऊन उभं करते.

पण त्याच जुन्या लोकांत एक शूद्रक होऊन गेला. त्याच्या मृच्छकटिकातला शकार बघा. सगळ्या ‘स’चा ‘श’ करतो आणि प्रेक्षक त्याच्या बोलण्याला हसतात. पण हा शकार म्हणजे गडी नव्हे, तर राजाचा मेहुणा. ज्याच्या हातात सत्ता, त्याच्याच जिभेची टर उडवली आहे. उच्चाराला हसू नये असं माझं म्हणणं नाही. कुणाच्या उच्चाराला हसायचं, एवढंच नाटककारानं आधी ठरवावं.

दुसरी एकांकिका यमराजाची. यम पृथ्वीवर येतो, त्याचा रेडा नो पार्किंगमध्ये उभा असतो, चित्रगुप्ताकडे लॅपटॉप, नारदाच्या कानाला मोबाइल. मराठी रंगभूमीवर यमानं जितक्या फेऱ्या मारल्या आहेत, तितक्या आमच्या डेपोच्या एसटीनंही मारल्या नसतील. देव मंडळी अतिशुद्ध बोलत होती. “हे चित्रगुप्ता, या मर्त्य मानवाचे आधारपत्र पाहा.” वीस मिनिटं लोक सभ्यपणानं हसले. मी रकान्यात सहा-सहा गुण टाकत होतो. सहा हा परीक्षकाचा झोपेतला आकडा आहे.

आणि लाइट गेली.

सगळं काळंकुट्ट. विंगेत कुणीतरी कशाला तरी अडखळलं. प्रॉम्प्टर गप्प, कारण त्यालाही दिसेना. दोन क्षण शांतता. आणि त्या अंधारातून यमाचा आवाज आला, पण तो यमाचा नव्हता. कुठल्यातरी वाड्याच्या वट्ट्यावरचा होता.

“आरं चित्रगुप्ता, हायेस का गेलास? आमच्या नरकात बी येवढा अंधार नस्तोय रं. बिल थकलंय का बग जरा.”

आणि चित्रगुप्त कुठून तरी म्हणाला, “बिल तुमच्याच नावानं हाय, म्हाराज.”

पाच मिनिटं लाइट नव्हती आणि पाच मिनिटं ते दोघं अंधारात बोलत होते. विजेचं, रेड्याच्या चाऱ्याचं, सोयाबीनच्या भावाचं. संध्याकाळचं पहिलं नाटक मी त्या अंधारात ऐकलं. मग लाइट आली, यमानं मुकुट सरळ केला आणि तो म्हणाला, “हे चित्रगुप्ता...” आणि पुन्हा सहा-सहा.

आता तिसरी.

पडदा उघडला तर सोफा नाही, दार नाही, घड्याळ नाही. रंगमंचावर आडवी लावलेली घागरींची रांग. प्लॅस्टिकच्या लाल-निळ्या-हिरव्या, एक-दोन स्टीलच्या, आणि मधे एकच पितळेची, पोचे पडलेली. टँकरची वाट बघणारं गाव. पाऊण तासात टँकर येत नाही. गोष्ट एवढीच.

पण काय सांगू! माणसं आपापसांत कमी आणि घागरींच्या वतीनं जास्त बोलत होती.

“ही निळी कुनाची?”

“माजी.”

“मघा तर मागं व्हती, मदी कशी आली?”

“आपल्या पायानं आली आसंल.”

पितळेच्या घागरीवरून दोन घराण्यांचं भांडण जुंपतं, डोकी फुटायची वेळ येते आणि तेवढ्यात कुणीतरी घागर फिरवून तिच्यावर कोरलेला आहेराचा मजकूर वाचतो, तर ती दोन्ही घरं एकमेकांची सोयरी निघतात. मग गळ्यात गळे. मग त्या सोयरिकीचं जुनं देणं निघतं आणि पुन्हा भांडण. कडेला उभा असलेला गुत्तेदार दर दोन मिनिटांनी मोबाइलवर ओरडतो, “निघालाय, निघालाय, आता फाट्यावरच हाय!” आणि टँकरचा ड्रायव्हर त्याच्याच शेजारी बसून बशीतून चहा पितोय. पाणी तपासायला आलेला साहेबही तिथलाच. साहेब झाला म्हणून त्याची जीभ बदललेली नव्हती. तो तसाच बोलत होता, फक्त हातात फाइल होती.

ती पितळेची घागर एका आजीची. कॉलेजातली एक पोरगी ती आजी झाली होती. पांढरा केस नाही, काठी नाही, थरथर नाही. नुसतं बसणं म्हाताऱ्या बाईचं. ती सगळा वेळ घागरीशी बोलत होती. “गप बस की बाई. तुजाच नंबर हाय.”

लोक हसत होते. पण मघाचं हसणं आणि हे हसणं यात फरक होता. रामाला हसताना माणसं खुर्चीत मागं रेलली होती. आता पुढं वाकली होती. माझ्या मागची बाई दर वाक्याला शेजारणीला सांगत होती, “आगदी आसंच व्हतंय बग.” मला लक्ष्मण देशपांड्यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ची आठवण झाली. १९७९ पासून हा आमच्या मराठवाड्याचा प्राध्यापक एकटा उभा राहून बावन्न माणसं करायचा आणि मराठवाड्याची बोली थेट विमानात नेऊन बसवायचा. मी तो प्रयोग पुण्यात पाहिला होता. हसून हसून पोट दुखलं, पण आईचं वाक्य काही आठवलं नाही. का, ते मला परवा कळलं. तिथं ती बोली कुणाच्या सोफ्यामागं उभी नव्हती. सगळा खेळच तिचा होता. तीच हसत होती, तीच हसवत होती, आणि चुकत असेल तर लंडन चुकत होतं.

शेवटी विंगेतून हॉर्न वाजतो. सगळं गाव आरडाओरडा करत पळत सुटतं. रंगमंचावर कुणी उरत नाही. नुसती घागरींची रांग, तीतल्या दोन-चार लवंडलेल्या. हॉर्न लांब लांब जातो. गाडी दुसऱ्याच गावाला गेलेली असते. मग आजी एकटी परत येते आणि काही न बोलता एकेक लवंडलेली घागर उभी करून ठेवते, सगळ्यांची, प्रत्येकीच्या नंबरावर. सभागृहात पत्रिकेचा वारा घ्यायचाही थांबला होता.

इथं पडदा पडायला हवा होता.

पडला नाही. एक तरुण पुढं आला, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिला आणि त्यानं भाषण सुरू केलं, “मित्रहो, पाणी म्हणजे जीवन आहे. आज गरज आहे ती आपण सर्वांनी एकत्र येण्याची...” चार मिनिटं. स्वच्छ, खणखणीत, बाणातल्या ‘ण’सकट पुस्तकी मराठीत. पाऊण तास ज्या बोलीनं सगळं सांगितलं होतं, ती गंभीर गोष्टीच्या वेळी पुन्हा मागं जाऊन उभी राहिली. हसवायला आपली भाषा चालते, शहाणपण सांगायला दुसऱ्याची आणावी लागते, असं त्या पोरांनाही कुठंतरी वाटत होतं. मला राग आला. त्या रागाच्या भरात मी दिग्दर्शनातले पाच गुण कापले.

मग चहा आणि बेरीज. शंभराची गुणपत्रिका : संहिता ३०, दिग्दर्शन २०, अभिनय २०, नेपथ्य १०, प्रकाश व संगीत १०, शब्दोच्चार १०. दुसऱ्या परीक्षकांनी टँकरच्या एकांकिकेला शब्दोच्चारांत दोन दिले होते. मी नऊ.

“सर, एकही ‘ण’ नाही हो,” ते अगदी कळवळून म्हणाले.

“त्यांना तो म्हणायचाच नव्हता,” मी म्हणालो.

“पण मग शब्दोच्चार कशाला म्हणायचा?”

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, जे म्हणायचं ते शेवटच्या खुर्चीपर्यंत जसंच्या तसं पोचलं, की उच्चार शुद्ध. त्यांनी मान डोलावली, पण दोनाचे तीन केले नाहीत. त्यांना पहिली एकांकिका आवडली होती. तिच्यातल्या प्रकाशयोजनेच्या त्यांनी दाखवलेल्या खुब्या मला दिसल्याही नव्हत्या. आम्ही बेरजा केल्या. सोफा : त्यांचे ७४, माझे ५१, एकूण १२५. टँकर : त्यांचे ४८, माझे ७६, एकूण १२४. यमराज : ६४ आणि ६२, एकूण १२६.

पहिला क्रमांक यमराज! दोघांपैकी एकाही परीक्षकाला जी पहिली वाटली नाही, ती पहिली आली. त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा विनोद आम्हीच केला. आणि ते पाच गुण मी कापले नसते, तर टँकर १२९ वर जाऊन पहिला आला असता, हे गणित मला दुसऱ्यांदा करावं लागलं नाही. खाडाखोड करता आली असती. बॉलपेन चालत होतं. पण भाषण तर वाईट होतंच. मी सही केली.

निकालानंतर माणसं पांगली. माझ्या हातात मानधनाचं पाकीट आणि कुंथलगिरीच्या पेढ्यांचा पुडा ठेवून कार्यकर्ते रिक्षा शोधायला गेले. तेवढ्यात ती आजी, म्हणजे ती पोरगी, काखेत पितळेची घागर घेऊन समोर आली. घागर घरची असावी. तिनं ती सामानाच्या टेम्पोत टाकलेली नव्हती.

“सर, आमचं काय चुकलं तेवढं सांगाल का?” ती फार जपून बोलत होती. ‘चुकलं’मधला ‘च’सुद्धा तिनं तोलून मापून टाकला. परीक्षकाशी बोलायची भाषा.

मी घसा साफ केला. “त्याचं असं आहे,” मी सुरुवात केली, “एकांकिकेचा परमोत्कर्ष साधल्यानंतर—” आणि थांबलो. माझं मलाच ते ऐकवेना. मित्रहो-छाप भाषणाला पाच गुण कापणारा माणूस तेच करत होता. इथून तेर काही लांब नाही, आणि तिच्या काखेत घागर होती. गोरोबाकाकांचं थापटणं कुणाच्या डोक्यावर पडत होतं ते मला ऐकू आलं.

मग मी पन्नास वर्षांनी तोंड उघडलं. जीभ गंजली होती. शब्द आठवून आठवून, अडखळत म्हणालो, “त्ये शेवटचं भाषण... त्ये नगं व्हतं. आजी घागरी उब्या करती, तितंच समदं झालं व्हतं. आन् बोलायचंच व्हतं, तर आजीनंच बोलाया पायजे व्हतं. तिच्या बोलीत.”

ती माझ्याकडे बघत राहिली. घागर तिनं या काखेतून त्या काखेत घेतली. आणि मग पहिल्यांदा तिचे ते तोलून टाकलेले उच्चार सुटले.

“सर, तुमी आमच्याकडलेच हाव व्हय?”

माझ्या तोंडून सवयीनं “हो” निघालं. ती तशीच उभी. मग मी म्हणालो, “व्हय.”

ती हसली. दहापैकी किती, ते तिनं सांगितलं नाही.